दहा महिन्यांचा बीगल, ताणलेला पट्टा आणि न ऐकलेली हाक

प्रश्न: आमच्याकडे दहा महिन्यांचा नर बीगल आहे, नाव चिकू. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी सासूबाई असतात, पण दुपारी त्या तासभर भजनाला जातात. सहा महिन्यांचा होईपर्यंत चिकू 'बस', 'ये' सगळं करायचा. आता पट्टा लावला की खांदा निखळेल इतका ओढतो. मोकळा सोडला तर हाकेला वळूनही बघत नाही. ओट्यावरचं पळवतो, आणि एकटा राहिला की गळा काढतो. सोसायटीत तक्रारी सुरू झाल्यात. एका ट्रेनरने चोक चेन घालून झटके द्यायला सांगितलं आणि वर "ही जातच हट्टी आणि मठ्ठ, इंटरनेटवरच्या यादीत बघा" असंही म्हणाला. खरंच असं आहे का? आणि सोबतीला दुसरा बीगल आणला तर हा शांत होईल का?

उत्तर:

चोक चेन आजच काढा आणि परत घालू नका. बाकीचं सावकाश होईल, पण एवढं काम संध्याकाळच्या फेरीच्या आधी उरका. बीगलच्या मानेत भरपूर जोर असतो आणि नाकाला वास लागला की तो दुखणंही विसरतो. साखळी आवळत जाते, खोकला सुरू होतो, मानेला आणि श्वासनलिकेला इजा होऊ शकते, आणि ओढणं मात्र जिथल्या तिथे राहतं. शिवाय झटका बसतो त्या क्षणी कुत्र्याच्या समोर जे असेल त्याच्याशी तो ते दुखणं जोडतो. समोर स्कूटर असेल तर स्कूटर वाईट, शेजारचं मूल असेल तर मूल वाईट. मग दोन महिन्यांनी फोन येतो, "हा मुलांवर का भुंकायला लागला?"

या जातीबद्दल एक कडू गोष्ट सांगते. जगभरातल्या प्रयोगशाळांत औषधांच्या चाचण्यांसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा कुत्रा बीगल आहे. आकार आटोपशीर, आणि स्वभाव इतका मऊ की सुई टोचणाऱ्या हातालाही तो सहसा चावत नाही. अशा कुत्र्याला दरडावलं, हिसडे दिले तर तो उलटून येत नाही, मिटून जातो. कान मागे, शेपूट खाली, नजर चुकवत बाजूने चालतो. बघणाऱ्याला वाटतं, सुधारला. त्याला काय करायचं ते मात्र अजूनही कळलेलं नसतं.

आता तो हट्टी आहे का. बीगल इंग्लंडात घडला तो सशाच्या शिकारीसाठी, आणि ही शिकार बहुतेक करून पायी चालायची. कुत्र्यांची टोळी पुढे, माणसं मागून धापा टाकत. ससा कधीच नजरेआड झालेला असतो, जमिनीवर राहिलेल्या वासावरून माग काढायचा. अशा कामात दर दहा पावलांवर मागे वळून "आता काय करू?" विचारणारा कुत्रा कुचकामी. माग अर्धवट सोडून हाकेला परत येणाराही कुचकामी. माग लागला की त्याने लांब सूर लावायचा, म्हणजे मागच्या माणसांना टोळी कुठे पोचली ते कळतं. शेपटीचं टोक पांढरं, म्हणजे उंच गवतातही ते दिसत राहतं. पिढ्यान्‌पिढ्या याच गुणांची पैदास झाली. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन, म्हणजे ओढणं, हाक न ऐकणं आणि गळा काढणं, हे त्याच्या पूर्वजांच्या नोकरीचं वर्णन आहे. चौथी तक्रार, खादाडपणा, तीही टोळीत वाढलेल्या कुत्र्याला शोभणारीच.

शेजारच्या विंगेतल्या जर्मन शेफर्डशी त्याची तुलना होते ती म्हणूनच चुकते. शेफर्ड किंवा बॉर्डर कॉली ही धनगरांची कुत्री. माणसाच्या इशाऱ्याकडे डोळे लावून काम करणं हा त्यांचा पिंड. बीगलचं तोंड जमिनीकडे असतं.

ट्रेनरने सांगितलेली ती कुत्र्यांच्या जातींच्या हुशारीची प्रसिद्ध यादीही याच कारणाने फसवी आहे. १९९० च्या दशकात कॅनडातल्या एका मानसशास्त्रज्ञाने आज्ञापालनाच्या स्पर्धांतल्या पंचांची मतं गोळा करून ती केली. कोणती जात माणसाची आज्ञा किती पटकन शिकते आणि किती वेळा पाळते, एवढंच तीत मोजलेलं आहे. त्या मापाने बीगल तळाशी गेला यात नवल नाही. पण अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली चोरटी फळं, मांस, रोपं हुडकायला कुत्री नेमली ती बीगल. 'बीगल ब्रिगेड' म्हणतात त्यांना, अंगात हिरवं जाकीट असतं. संशयित बॅग सापडली की हा कुत्रा भुंकत नाही, ओरबाडत नाही, बॅगेशेजारी शांतपणे खाली बसतो. गर्दी, लहान मुलं, ट्रॉल्यांचा खडखडाट, चारही बाजूंनी खाण्याचे वास, आणि त्यातही तो बसतो. कारण बसल्यावर लगेच खाऊ मिळतो. त्यातली बरीच कुत्री प्राणी-निवाऱ्यांतून उचललेली, म्हणजे आधीच्या घरी बहुधा "ऐकत नाही" म्हणून सोडलेली.

मी सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं. चिकूला वास हा पगार आहे. आत्ता तो पगार त्याला तुमच्याशिवाय, फुकट, रस्ताभर मिळतोय, आणि तुम्ही मधे आलात की बंद पडतोय. हे उलटं करायचं. वासापर्यंतची वाट तुमच्यातून गेली पाहिजे.

सहा महिन्यांपर्यंत ऐकत होता आणि आता नाही, यात तुमचं काही बिघडलेलं नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाईड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, होऊ घातलेल्या पिल्लांची पाहणी करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. पाच महिन्यांची असताना जी पिल्लं सांभाळणाऱ्याचं 'बस' ऐकत होती, तीच आठ महिन्यांची झाल्यावर त्याचं कमी ऐकायला लागली, अनोळखी माणसाचं मात्र तितकं टाळत नव्हती. ती लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर अशी गुणी जातीची पिल्लं होती, हे ध्यानात घ्या. वयात येणारं पोर घरच्यांनाच उलट बोलतं, तसलाच प्रकार. बीगलमध्ये हा काळ साधारण दीड वर्षापर्यंत, कधी दोन वर्षांपर्यंत रेंगाळतो. कुणी सांगेल नसबंदी करा, सगळं थांबेल. नसबंदीची कारणं वेगळी आहेत, ती डॉक्टरांशी बोलून ठरवा. ओढणं आणि हाक न ऐकणं तिने जात नाही.

आणि एक तपासणी आधी करून टाका. दोन्ही कान उलटून बघा, वास घ्या. लोंबते कान, त्यात पावसाळ्याची दमट हवा, त्यामुळे बीगलच्या कानात बुरशी सहज होते. आंबूस वास, तपकिरी मळ, डोकं झटकत राहणं, कानाला हात लावला की अंग चोरणं यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर, मग शिकवणी. कान ठणकत असताना गळ्याजवळ पट्टा लावून घ्यायला कोणाला आवडेल?

आता पट्टा. छातीवर आणि पाठीवर अशा दोन कड्या असलेला हार्नेस आणि अडीच-तीन मीटरचा साधा सुती किंवा नायलॉनचा पट्टा घ्या. तो गुंडाळला जाणारा, बटणाचा पट्टा नको. तो कायम थोडा ताणलेलाच असतो, म्हणजे "ओढलं की दोरी वाढते" हेच कुत्रा शिकतो. शिवाय आपल्या रस्त्यावर रिक्षा अंगावर येईपर्यंत त्याचं बटण सापडत नाही.

फेरीचे दोन भाग करा. फेरीचा मोठा भाग हुंगण्यासाठी. त्यात चिकू म्हणेल तिथे, त्याच्या वेगाने. एका खांबापाशी चार मिनिटं घालवली तर घालवू द्या. लोक कुत्र्याला दमवायला पळवतात, पण बीगलला पळवून दमवायला गेलात तर महिनाभरात त्याचा दम वाढतो, तुमचा नाही. वीस मिनिटं मन लावून हुंगलेला बीगल घरी येऊन आडवा होतो. दुसरा भाग शेजारी चालण्याचा, आणि तो अगदी लहान. सुरुवातीला पाच पावलं. हो, पाचच.

ते असं करा. चिकूला समोर एक झुडूप खुणावतंय, पट्टा ताणला गेला. तुम्ही थांबा. ओढू नका, बोलू नका. तो कधी ना कधी मान वळवेल, किंवा नुसता एक कान मागे येईल आणि पट्टा इवलासा सैल पडेल. त्या क्षणी "छान" म्हणा, वाटाण्याएवढा चिकनचा तुकडा तुमच्या पँटच्या शिवणीपाशी धरून द्या, म्हणजे त्याला तुमच्या बाजूला यावं लागेल. मग दोन-तीन पावलं सैल पट्ट्याने टाका आणि "जा, हुंग" म्हणून त्याला त्याच झुडपापाशी घेऊन जा. खरं बक्षीस ते झुडूप आहे, चिकन नुसता इसार. मानसशास्त्रात याला प्रेमॅकचं तत्त्व म्हणतात, आपल्या घरांत आज्या ते कायम वापरत आल्यात: आधी पोळी संपव, मग श्रीखंड. पहिल्या आठवड्यात गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला अर्धा तास लागेल. वॉचमन हसतील. हसू द्यात. ऑफिसची घाई असेल त्या सकाळी शिकवणी नको, पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावा आणि नुसतं फिरवून आणा. छातीवरची कडी म्हणजे शाळा, पाठीवरची म्हणजे सुट्टी, हा फरक त्याला तुमच्या अंदाजापेक्षा लवकर कळतो.

"ट्रीट म्हणजे लाचच की" असं घरातलं कोणीतरी म्हणणार. काम करण्याआधी दाखवली तर लाच, काम झाल्यावर दिली तर मोबदला. हातात तुकडा नाचवत "ये ये" करू नका. तुकडा खिशात, काम झाल्यावर बाहेर.

हाकेचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. आधी एक गोष्ट मान्य करा: चिकूला ऐकू येतं. पारले-जीचा पुडा दुसऱ्या खोलीत फोडा आणि बघा. कुकरची शिट्टी झाली की कोणता कुकर चिकनचा आणि कोणता वरणभाताचा हेही त्याला ठाऊक असेल. म्हणजे आवाजाला अर्थ चिकटवणं त्याला उत्तम जमतं. तुमच्या "चिकू, ये" ला आता अर्थ उरलेला नाही, एवढंच. मैदानावर पंधरा वेळा ओरडून झालंय, दर वेळी तो आला नाही आणि काही बिघडलंही नाही. आला तेव्हा तुम्ही पट्टा लावून घरी नेलंत, किंवा आंघोळीला, किंवा रागावलात. कोण येईल?

तो शब्द सोडून द्या आणि गळ्यात अडकवायची साधी शिट्टी घ्या. शिट्टीत चिडका सूर येत नाही, आणि घरातल्या तिघांचीही सारखीच वाजते. पहिले काही दिवस घरातच. तो समोर बसलेला असताना दोन लहान फुंकर, आणि लगेच चिकन. तो काही करो न करो. दिवसभरात विखरून दहा-बारा वेळा, एका बैठकीत नाही. मग दुसऱ्या खोलीतून. मग जिन्यात, मग रात्री रिकाम्या पार्किंगमध्ये, मग दहा मीटरची लांब दोरी लावून मैदानावर. लांब दोरी हार्नेसच्या पाठीच्या कडीला, गळपट्ट्याला कधीच नाही, कारण धावत दोरीच्या टोकाला पोचला तर मानेला हिसका बसतो. हातमोजे घाला, नायलॉनची दोरी तळहात सोलून काढते.

मैदानावर त्याच्याकडे नीट बघायला शिका. साधं हुंगणं आणि माग लागणं यात फरक असतो. साध्या हुंगण्यात शेपूट सैल हलते, डोकं मधेमधे वर येतं, तो एका जागेवरून दुसरीकडे निवांत जातो. माग लागला की नाक जमिनीला चिकटतं, फुसफुस श्वास तुम्हाला उभ्याने ऐकू येतो, तो नागमोडी फिरायला लागतो, आणि शेपूट ताठ होऊन नुसतं टोक थरथरतं. या दुसऱ्या अवस्थेत शिट्टी वाजवायची नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे तरी नाही. त्या वेळी ती ऐकली जाणार नाही, आणि न ऐकलेली प्रत्येक शिट्टी तिची किंमत कमी करते. तेव्हा दोरी हातात गोळा करत त्याच्यापर्यंत चालत जा, तुकडा नाकापाशी धरा आणि हळूच बाजूला वळवा. शिट्टी वाजवायची ती डोकं वर आल्यावर. जिंकण्याची खात्री असेल तेव्हाच पत्ता टाका.

आला की तीन-चार तुकडे, एकामागून एक, आणि दुसऱ्या हाताने हार्नेस धरा. हे धरणं महत्त्वाचं. नाहीतर तो तुकडा घेऊन हातभर अंतरावरून सटकायला शिकतो. मग "जा, हुंग" म्हणून परत सोडा. दहापैकी आठ-नऊ वेळा त्याला परत सोडायचंच. हाक म्हणजे मजा संपली, हे समीकरण मोडायला दुसरा उपाय नाही.

आणि हे सगळं जमलं तरी कुंपण नसलेल्या जागी बीगलला मोकळा सोडायचा नाही. दोन वर्षांचा झाला, गुणी झाला, तरी नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. टेकडीवर मांजर किंवा ससा उठला की तो माग घेत उतारावरून थेट रस्त्यापर्यंत जातो, आणि रस्ता आला हे त्याच्या नाकाला कळत नाही. लांब दोरीवर तो दहा मीटरच्या वर्तुळात राजासारखा हिंडतो, तेवढं त्याला पुरतं. घराची दारं-खिडक्याही तपासा. तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीच्या गजांतून जाण्याइतकी फट असेल तर जाळी लावून घ्या.

फेरीखेरीज रोज दहा मिनिटं घरात नाकाचं काम द्या. यासारखं दुसरं औषध या जातीला नाही. तीन स्टीलच्या वाट्या उपड्या घाला, एकीखाली तुकडा. "शोध" म्हणा. तो बरोबर वाटीला नाक लावून थांबला की वाटी तुम्ही उचला, त्याला उलथू देऊ नका, नाहीतर उद्या ओट्यावरची पातेली उलथतील. वाट्या सोप्या झाल्या की खोली वाढवा: सोफ्यामागे, दाराच्या फटीत, चपलांच्या रॅकवर. पुढे एखादा ठरावीक वास शोधायला शिकवता येतो. अमेरिकेत घरगुती कुत्र्यांच्या वास शोधण्याच्या स्पर्धा होतात, तिथे बर्च नावाचं झाड, बडीशेपेच्या जातीचं ॲनिस आणि लवंग असे वास वापरतात. आपल्याकडे लवंग प्रत्येक घरात. झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या डबीत दोन लवंगा ठेवा, डबी घट्ट बंद, म्हणजे त्याने ती खायची नाही. सुरुवातीला डबीशेजारी चिकन, काही दिवसांनी नुसती डबी, आणि सापडली की चिकन तुमच्या हातातून. पावसाची झड लागून दोन दिवस बाहेर पडता आलं नाही तर हा खेळ घर वाचवतो. उन्हाळ्यातही. एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळी सातच्या आत आणि रात्री. हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पावलांनाही सोसवणार नाही.

एवढे तुकडे द्यायचे तर वजनाचं काय? मोठा बीगल साधारण नऊ ते अकरा किलोचा असावा. हा कुत्रा पोट भरलं म्हणून थांबत नाही, आणि लठ्ठपणाने त्याचा पाठीचा कणा दुखावतो. म्हणून शिकवणीचे तुकडे त्याच्या दिवसाच्या खाण्यातूनच कापा. सकाळी दिवसाचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढा, दिवसभर त्यातूनच द्या. बाहेरच्या कठीण कामासाठी उकडलेलं चिकन किंवा पनीर, घरातल्या सोप्या कामासाठी त्याचं नेहमीचं कोरडं खाणं, गाजर, काकडी. फासळ्यांवरून हात फिरवला तर त्या बोटांना लागल्या पाहिजेत.

आता ओटा. चोरी एकदा जमली की पुढचे पन्नास प्रयत्न तो आनंदाने करतो, त्यामुळे इथे शिकवण्याआधी बंदोबस्त. ओटा रिकामा, कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि सिंकखालच्या कपाटात, स्वयंपाकघराच्या दारात लहान मुलांसाठी मिळतं तसलं फाटक. काही पदार्थ तर जिवावर बेतणारे: द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण, आणि शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल. शिजवलेल्या कोंबडीची हाडं चिरफाळतात, तीही नकोत. दिवाळीत फराळाच्या डब्यांत आणि सुक्या मेव्याच्या बॉक्समध्ये बेदाणे उघडे असतात, तेव्हा विशेष सांभाळा.

काही उचललंच तर मागे धावायचं नाही. पाठलाग हा बीगलचा आवडता खेळ, आणि तोंडात बोटं घालून हिसकावलं की आज पळणारा कुत्रा उद्या गुरगुरतो. ही जात मऊ असली तरी खाण्याची राखण करणारे बीगल मी बरेच बघितलेत, आणि त्यांतले बहुतेक माणसांनी केलेले. त्याऐवजी देवाणघेवाण शिकवा. आधी कवडीमोल वस्तूवर, जुन्या मोज्यावर. मोजा त्याच्या तोंडात, तुम्ही चिकन नाकापाशी आणा, तोंड उघडलं की "सोड" म्हणा, चिकन द्या, आणि मोजा परत द्या. परत देणं विसरू नका. "सोड" म्हणजे वस्तू गेली असं नाही, हे त्याला पटलं पाहिजे. विषारी काही असेल त्या दिवशी अर्थात परत द्यायचं नाही, पण तोवर खात्यात पुरेशी जमा झालेली असते.

तुमच्या सासूबाई जेवताना ताटातून पोळीचा तुकडा टाकत असतील, असा माझा अंदाज आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, पण ज्या घरात थोरली माणसं असतात तिथे हे असतंच, आणि "आई, देऊ नका" म्हणून ते थांबत नाही. थांबवूच नका, त्यांना काम द्या. जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर एक सतरंजीचा तुकडा टाका. त्यांच्या हाताशी चिकूच्या खाण्याची छोटी डबी ठेवा. तो सतरंजीवर चारही पाय ठेवून असेल तर त्यांनी तिकडे एक दाणा टाकायचा, टेबलापाशी आला तर काही नाही. दोन आठवड्यांत घरातला सगळ्यात कडक ट्रेनर त्याच होतील. अशा ट्रेनर झालेल्या आज्या मी पाहिल्यात, आमच्या धंद्याला त्यांचा धोका आहे.

राहिला गळा काढण्याचा प्रश्न, आणि हाच सगळ्यात नाजूक. जुना फोन लावून त्या दुपारच्या तासाचं रेकॉर्डिंग करा. दोन अगदी वेगळी चित्रं दिसू शकतात. एक, तो पहिली वीस मिनिटं झोपतो, मग लिफ्ट वाजली की सूर लावतो, मधेच उशी फाडतो, पाणी पितो, परत सूर. हा कंटाळा. फेरी, नाकाचं काम आणि जाताना दिलेलं चाटण्या-चघळण्याचं काही, याने तो बराच कमी होतो. दुसरं, दार बंद झाल्याच्या मिनिटाभरात सुरुवात, लाळ गळते, दार ओरबाडतो, समोर ठेवलेलं चिकनही हुंगत नाही. बीगलने चिकन नाकारलं तर समजा, ही खरी घाबरगुंडी आहे. तिथे "रडू दे, सवय होईल" हे करायचं नाही, त्याने ती वाढते.

घाबरण्यावर काम सेकंदांत चालतं. सासूबाईंनी भजनाची पिशवी उचलायची आणि परत ठेवायची. चप्पल घालायची आणि सोफ्यावर बसायचं. पिशवी म्हणजे एकटेपणा, ही त्याच्या डोक्यातली गाठ आधी सुटू द्या. मग दाराबाहेर पाच सेकंद, दहा, वीस, आणि तो अस्वस्थ होण्याआधी आत. कधी वाढवा, कधी मुद्दाम कमी करा. हे सुरू असताना खरोखर एकटं ठेवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. त्या तासासाठी शेजारचं कोणी, कॉलेजमधलं पोर, काहीतरी सोय बघा. रेकॉर्डिंगमध्ये रक्ताळलेली नखं, तुटलेलं दार असं काही दिसलं तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडे जा, कधीकधी काही महिने औषध लागतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सोसायटीबद्दल: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण त्याच सूचनांत आवाजाचा त्रास, विशेषतः रात्री, होऊ नये म्हणून पालकांनी प्रयत्न करावेत असंही म्हटलंय. कागद घेऊन भांडायला जाण्यापेक्षा वरच्या आणि खालच्या मजल्यावर जाऊन सांगा की यावर काम सुरू आहे, दीड-दोन महिने लागतील, सर्वांत जास्त त्रास कोणत्या वेळी होतो ते सांगा. ही माहिती रेकॉर्डिंगइतकीच उपयोगी पडते.

पहिल्या दहा-पंधरा दिवसांत एखादी गोष्ट आधीपेक्षा बिघडलेली दिसेल. ओढून काम होत नाही म्हटल्यावर तो अजून जोरात ओढून बघेल, टेबलापाशी तुकडा मिळत नाही म्हणून भुंकेल. लिफ्ट आली नाही तर आपणही बटण चार वेळा दाबतोच. त्या दिवसांत एकदा जरी हार मानलीत तर तो शिकतो की चौथ्यांदा दाबलं की येते.

दुसरा बीगल आत्ता आणू नका. सोबतीने कंटाळा थोडा कमी होईल, पण ज्याला माणूस नसण्याची भीती वाटते त्याला कुत्रा आणून ती जात नाही. नवीन पिल्लू चिकूकडून ओढणं आणि सूर लावणं पहिल्याच आठवड्यात शिकेल, आणि दोन बीगल सुरात लागले की तिसऱ्या मजल्याची तक्रार सातव्या मजल्यावरून येते. चिकू दोन वर्षांचा होऊ द्या, शिट्टीवर येऊ द्या. तेव्हाही घ्यायचाच असेल तर पिल्लू विकत घेण्याआधी प्रौढ, बेघर झालेल्या बीगलची चौकशी करा. आपल्या शहरांत वर्ष-दीड वर्षाचे बीगल याच चार तक्रारींपायी सोडून दिले जातात, आणि बंगळुरूत प्रयोगशाळांतून सुटलेले बीगलही घरांत दत्तक दिले गेलेत. त्यांना जिना चढायला, गवतावर चालायलासुद्धा शिकवावं लागतं. तेव्हा चिकूला बरोबर घेऊन जा, दोघांना एखाद्या मोकळ्या मैदानावर, दोघांच्याही पट्ट्यांना ढील देऊन, शेजारीशेजारी तासभर फिरवा, आणि मग ठरवा.